उजव्या दारावरचे पान

धैर्य आणि धृती हे दोन शब्द आपण बोलण्याच्या ओघात एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांच्यातले अंतर लहान नाही. धैर्याला समोर कोणीतरी लागते. वादळ लागते, शत्रू लागतो, निदान पाहणारे चार लोक तरी लागतात. ते प्रसंगापुरते उसळते आणि प्रसंग सरला की विसावते. धृतीच्या वाट्याला असा प्रसंग येत नाही. काही घडत नसताना, काही घडेल ही आशाही आटलेली असताना, हाती घेतलेले खाली न ठेवणे एवढाच तिचा व्यापार. म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही; आणि जिच्या अंगी ती असते, तिलाही आपल्यापाशी असे काही आहे याचा पत्ता नसतो. तिला विचारावे तर ती म्हणते, "मग दुसरं काय करणार होते?"

पॉलिशकाकू अगदी हेच म्हणत असत.

हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. त्यांचे यजमान मिस्त्री लाकडावर कोरीवकाम करीत, आणि कोरून झालेल्या वस्तूवर काकू पॉलिशपेपर फिरवीत. लग्न होऊन नव्याने आल्या तेव्हा लाकडाच्या भुशाने त्यांना शिंकांवर शिंका येत. मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, ही घरात आल्यापासून केरसुणी विकत घ्यावी लागली नाही; ही एकदा शिंकली की चारही कोपरे साफ होतात. पुढे शिंका थांबल्या आणि काकू त्या भुशातच स्थिरावल्या. घराच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली होती. तिच्यात दारापाशी मिस्त्रींचे बाक आणि खिडकीपाशी काकूंचे. दिवसाचा बहुतेक वेळ दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेली असत, आणि तरी एकाचे काम कुठवर आले हे दुसऱ्याला ठाऊक असे.

त्या खोलीत बोलणे कमी. मिस्त्रींचे कोरून झाले की ते मोगरीच्या, म्हणजे लाकडी हातोड्याच्या, दांड्याने बाकावर दोन ठोके मारीत. त्याचा अर्थ, ने आता. काकूंचे घासून झाले की त्या आपल्या बाकावर बोटाच्या पेराने दोनदा वाजवीत. त्याचा अर्थ, झालंय. मग मिस्त्री उलट दोनदा वाजवीत, म्हणजे आण, बघू. या ठोक्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. काम बिघडले असले तरी ते नेऊन दाखवायचे, असा त्या खोलीचा दंडक होता.

घासण्याची रीत काकूंना मिस्त्रींनीच शिकवली होती. काम अर्ध्यावर आले की वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यातून सोडवायची, खिडकीशी न्यायची, उजेडात तिरपी धरायची, आणि मग डोळे मिटून तिच्यावरून तळहात फिरवायचा. डोळा फसतो, तळहात फसत नाही, असे मिस्त्रींचे म्हणणे. काकूंनी ही रीत इतकी अंगी मुरवली की पुढेपुढे त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजून गेल्या. एका कचेरीत अंगठा टेकवायच्या यंत्राने त्यांना ओळखायला साफ नकार दिला, तेव्हा तिथला कारकून वैतागून म्हणाला की बाई, तुम्हाला अंगठाच नाही. मिस्त्री शेजारी उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आहे हो. लोकांच्या कपाटांवर वाटून टाकलाय तिनं."

एकच काम या दोघांच्या हातून होता होत नव्हते. मुलीचे लग्न झाले तेव्हा मिस्त्रींनी तिला कपाट करून दिले. पण त्याची दारे कोरून मागाहून पाठवतो म्हणाले, आणि ते मागाहून काही उगवेना. गिऱ्हाइकांची कामे नेहमी पुढे आणि मुलीची दारे नेहमी मागे. मुलीने कपाटाला पडदा लावला. तो विरला, दुसरा लावला. माहेरी आली की ती विचारी, बाबा, पडद्याचं कापड आणू की अजून दोन-चार वर्षं थांबू? मिस्त्री हसण्यावारी नेत. पण काकूंना ठाऊक होते की हे बोलणे त्यांना लागते. म्हणूनच त्यांनी एकाच ओंडक्यातून चिरलेल्या दोन जुळ्या फळ्या कोणाच्या कामाला न लावता माळ्यावर जपून ठेवल्या होत्या. त्या शेजारी-शेजारी ठेवल्या की एकीतल्या रेषा दुसरीत आरशासारख्या उमटत. तशी तिसरी फळी जगात असणे शक्य नव्हते.

बाहेरची कामे घेणे थांबवल्यावर मिस्त्रींनी अखेर डावे दार कोरले. तळाशी एका मुळातून निघालेली वेल, मध्ये एक मोठे पान, वर कळ्यांचे झुबके. आणि टोक किंचित उजवीकडे झुकलेले, जणू शेजारच्या दारावरच्या वेलीशी तिला काही बोलायचे आहे. काकूंनी ते घासून तयार केले. मिस्त्रींनी उजव्या दारासाठी दुसरी जुळी फळी बाकावर घेतली, तिच्यावर हात फिरवला, उद्या सुरुवात करू म्हणाले, आणि त्या रात्री अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली.

जीव वाचला, पण तो वाचणे म्हणजे काय, हे मिस्त्रींना घरी आणल्यावर काकूंना कळले. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केले ते केलेच. जीभ जड झाली होती, तरी अगदीच बंद नव्हती. पण ते बोलेनात. मुलगी येऊन आठवडाभर राहिली, रडली, आपल्याकडे चला म्हणाली. त्यांनी पापणीही हलवली नाही. काकू चमचा ओठांशी नेत, तो तसाच परत येई. आधी दोन वेळचे एक वेळ झाले, मग एका वेळचे चार घास. डॉक्टर तपासून बाहेर आले आणि चपला घालता घालता हळूच म्हणाले, "त्यांना गिळता येतं. गिळायचं नाहीये."

हे वाक्य काकूंच्या डोक्यात खिळ्यासारखे बसले. आजाराशी झुंजता येते. औषध असते, पथ्य असते, निदान जागरण असते. पण ज्याने मनातून सोडूनच दिले आहे त्याला बाहेरून धरून ठेवायचे कसे? काकू तो देह पुसत, कूस बदलत, पाठीला पावडर लावत. आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे तो माणूस रोज थोडा थोडा भिंतीत निघून जात आहे, असे त्यांना वाटे.

एके दिवशी त्यांनी डावे दार आणून त्या भिंतीशी टेकवून ठेवले. बघायचीच आहे भिंत, तर निदान हे बघा, असा थोडा रागही त्यात होता. मिस्त्रींची नजर दारावर गेली. ती वेलीच्या मुळापासून हळूहळू वर चढली, टोकापर्यंत आली, टोकाबरोबर उजवीकडे झुकली आणि दाराची कड ओलांडून रिकाम्या भिंतीवर जाऊन थांबली. पुन्हा खालपासून वर, पुन्हा कडेबाहेर. दिवसभर हेच चालले. काकू दारात उभ्या राहून पाहत होत्या. उजवे दार तिथे आले की हे वळतील, असे त्यांच्या मनाने घेतले. याला काही आधार नाही हे त्यांनाही समजत होते. पण बुडणारा माणूस हाताला लागलेले लाकूड कोणत्या झाडाचे, हे पाहत बसत नाही.

दार कोरणार कोण? काकूंनी एका टाकाऊ तुकड्यावर कोरायची पटाशी चालवून पाहिली. आयुष्यभर कोरीवकामाकडे पाठ करून बसलेल्या त्या बाईच्या हातून एक सरळ खाच पडेना. दुसरा कारागीर आणावा तर तो आपल्या हाताचे काम करणार, आणि परका हात मिस्त्रींनी अंधारातही ओळखला असता. मग उरला भुंगा.

भुंगा म्हणजे संगणकाच्या हुकमाने कोरणारे यंत्र. मिस्त्रींचा पुतण्या अशाच मोठ्या यंत्रांवर एका कारखान्यात कामाला होता. त्याने स्वतःसाठी एक लहान जुने यंत्र घेतले आणि आपल्या भाड्याच्या खोलीत जागा नाही म्हणून काकांच्या पत्र्याच्या खोलीत आणून ठेवले. एक टेबल, त्यावर पुढे-मागे, आडवी आणि खाली-वर सरकणारी एक मान, मानेत गरगर फिरणारे टोकदार पाते, आणि शेजारी एक संगणक. ते चालू झाले की लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यासारखा आवाज येई. म्हणून मिस्त्रींनी त्याचे हे बारसे केले. पुतण्या कौतुकाने काही कोरून दाखवी, तेव्हा मिस्त्री चष्मा वर करून म्हणत, "छान. आता त्याला म्हणावं, लाकूड कुठलं ते वास घेऊन सांग." पुतण्याही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणे, काका, तो वास घेत नाही, पण चहाही मागत नाही.

काकूंनी त्याला विचारले, याच्याकडून काकांचं डावं दार उलटं करून उजवीकडे काढता येईल का? मग त्याने आपल्या सुट्टीचा अख्खा दिवस घालून यंत्राला पात्याऐवजी एक बारीक सुई बसवली आणि त्या सुईने डाव्या दाराचा ठाव न् ठाव चाचपून घेतला. मिस्त्रींच्या पटाशीचा प्रत्येक चढ-उतार संगणकात गेला. मग तो आरशात दिसावा तसा उलटा झाला. पडद्यावर उजवे दार उभे राहिलेले पाहून काकूंनी पदराने तोंड दाबले. आता फक्त फळी लावायची आणि भुंगा सोडायचा, असे त्यांना वाटले.

तसे झाले नाही. कारखान्याने पुतण्याला दूरच्या शाखेत पाठवले. जाण्यापूर्वी मिळालेल्या थोड्या दिवसांत तो काकूंना शिकवून गेला, उरलेले फोनवर. आणि शिकणे म्हणजे रोज नव्याने हरणे होते. संगणकाचा माउस काकू पॉलिशपेपरच्या ठोकळ्यासारखा मुठीत धरून दाबून घासत; पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे पळून जाई. पडद्यावरची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ती आकारांनी ओळखायची ठरवली. पुढे जा म्हणजे तिकोन, थांब म्हणजे दोन उभ्या काड्या, आणि जीव वाचवायचा तर टेबलाशेजारचे लाल बटण. पाते उंचीला नीट न लावल्याने ते सरावाच्या टाकाऊ फळीत खोल घुसले आणि कडाडून मोडले. दुसऱ्या खेपेला हवेतच फिरत राहिले आणि लाकडाला शिवलेच नाही. एकदा वेल टेबलाच्या बाहेर निघाली. दर अपयशानंतर त्या आत जाऊन मिस्त्रींकडे पाहून येत. मान भिंतीकडेच असे. गळ्याची हाडे आदल्या दिवसापेक्षा वर आलेली असत.

पुतण्या फोनवर समजावी. "काकू, त्याला डोळे नाहीत गं. त्याला जगातला एकच कोपरा माहीत असतो, तू दाखवलेला. तिथं शून्य. तिथून तो सगळं मोजत जातो. फळी हलता कामा नये, बस."

काकूंनी शिकंजे जोर लावून आवळायला सुरुवात केली. फळी हलू द्यायची नाही, याचा त्यांनी एवढाच अर्थ घेतला होता. कोरण्याच्या मध्येच कोणी आपणहून फळी उचलेल हे पुतण्याच्या स्वप्नातही नव्हते. कारखान्यात असे कोणी करीत नाही.

टाकाऊ फळीवर वेल अखेर बऱ्यापैकी उतरली, तेव्हा त्यांनी पुतण्याला कळवले. तो हरखला, पण खऱ्या फळीला हात लावू नको, मला रजा मिळाली की मी येतो, आपण मिळून करू, असे त्याने बजावले. त्याच सकाळी मिस्त्रींनी पाण्याचा चमचाही ओठातून बाहेर जाऊ दिला होता. काकू फोन कानाला लावून खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

"तू येशील तेव्हा दार होईल रे," त्या म्हणाल्या. "बघायला कोण असेल?"

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुळी फळी टेबलावर घेतली. चार कोपऱ्यांना चार शिकंजे आवळले. कोपरा दाखवला, शून्य लावले, पाते आणि लाकूड यांच्यामध्ये कागदाचा कपटा सरकवून उंची जमवली. मग तिकोन दाबला. जाड पात्याने आधी ओबडधोबड आकार काढला. मग त्यांनी बारीक गोल टोकाचे पाते बसवले आणि भुंगा पुन्हा गुणगुणू लागला. ओळीमागून ओळ, वरून खाली. लाकडाच्या पिठातून कळ्या उगवू लागल्या. मिस्त्रींची पटाशी जिथे थबकली होती तिथे तो थबकल्यासारखा दिसे, जिथे तिने गिरकी घेतली होती तिथे गिरकी घेई. काकूंना मध्येच भास झाला की आपल्या पाठीमागे दारापाशी कोणीतरी बसले आहे. त्यांनी वळून पाहिले. बाकावर धूळ होती.

निम्मे काम झाले तेव्हा भुसा फार साचला. तो झाडायला पुतण्याने परवानगी दिली होती. काकूंनी दोन काड्या दाबल्या. भुंगा थांबला, पाते वर उचलले गेले. त्यांनी ब्रशने भुसा झाडला. आणि त्यानंतर जे केले ते त्यांनी केले असे म्हणणेही कठीण. ते त्यांच्या हातांनी केले. हात शिकंज्यांकडे गेले, चारही सैल केले, फळी उचलली आणि खिडकीशी नेली. उजेडात तिरपी धरली. डोळे मिटले. तळहात फिरवला.

तळहाताखाली मिस्त्री होते. कळ्यांच्या मानेशी ते नेहमी करायचे तो किंचितसा दाब, पानाच्या कडेला सोडायचे ती पुसटशी धार. कितीतरी महिन्यांनी काकूंना त्यांचा हात लागला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग भानावर येऊन त्यांनी फळी परत आणली, होती तशीच, अगदी होती त्याच जागी ठेवली, शिकंजे आवळले आणि तिकोन दाबला.

डोळ्याला ती त्याच जागी होती.

आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणून त्या धावल्या. मिस्त्रींची मान उचलून त्यांनी छाती चोळली, ओठ ओले केले. पेजेचा चमचा पुढे केला, तो त्यांनी जिभेने बाहेर लोटला. काकू त्यांच्या कानाशी वाकून म्हणत राहिल्या की थोडं थांबा, होत आलंय, आवाज ऐकू येतोय ना, थोडंच राहिलंय. भुंग्याचा आवाज येतच राहिला. मग तो थांबला.

काकू जवळजवळ पळतच मागे गेल्या. भुसा झाडला, आणि हात तिथेच राहिला.

वरची अर्धी वेल एका जागी होती आणि खालची अर्धी तिच्यापासून भाताच्या दोन शितांएवढी बाजूला सरकली होती. मधोमध दांडा तुटला होता. मोठ्या पानाला दोन कडा फुटल्या होत्या, एक वरच्या वेलीची, एक खालच्या. अख्ख्या फळीवर आडवी एक पायरी पडली होती. आंधळ्या भुंग्याने आपला कोपरा सोडला नव्हता. काकूंनीच त्याच्या पायाखालची जमीन सरकवली होती.

त्या जमिनीवर बसल्या. रडू आले नाही. रडायलाही कुठेतरी थोडी जागा लागते. जगात दुसरी फळी नव्हती, पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता. आणि ज्या हातांनी उभा जन्म कोणाचे काही बिघडवले नाही, त्यांनी बिघडवायला नेमके हेच निवडले होते. उठून त्यांनी जुनी चादर दारावर टाकली, प्रेत झाकावे तशी. यांना सांगायचे नाही. झालं नाही म्हणून सांगायचं. यंत्र बंद पडलं म्हणून सांगायचं. आता यांना काही सांगायची गरजही फार दिवस उरणार नाही, असेही एक मन म्हणाले, आणि ते ऐकून त्या स्वतःलाच घाबरल्या.

तेवढ्यात आतून आवाज आला. ठक. ठक.

काकूंना वाटले, पत्रा वाजला. पुन्हा आला. लाकडावर पेराने दोनदा. पलंगाची कड.

अर्थ स्पष्ट होता. मागे काम चालू होते, ते थांबले आहे; थांबले म्हणजे झाले. आण, बघू.

इतक्या महिन्यांत त्या माणसाने काही मागितले नव्हते. आणि आज मागितले ते हे. काकू चादरीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना खोटे सांगता आले असते. त्या ठोक्याला मात्र खोटे सांगता येईना. त्यांनी चादर काढली, दार छातीशी धरले आणि आत नेले.

मिस्त्रींनी मान वळवली होती. भिंतीकडून इकडे. काकूंनी दार पलंगावर त्यांच्या डाव्या अंगाला टेकवले आणि स्वतः बाजूला होऊन पायांकडे पाहत राहिल्या. मिस्त्रींनी डोळे मिटले. डावा तळहात कळ्यांवरून खाली आला, दांड्यावरून उतरला, मधल्या पायरीशी पोचला आणि थांबला. बोटांनी ती पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली. पानाच्या दोन कडा चाचपल्या. बराच वेळ गेला.

"उचललीस," मिस्त्री म्हणाले. शब्द जिभेवरून घरंगळत, अर्धा तुटून आला. पण तो तोच होता.

काकूंच्या तोंडून जेमतेम हो निघाले.

"खिडकीशी?"

"हो."

काकू वाट पाहत होत्या, कशाची ते त्यांना ठाऊक नव्हते. मिस्त्रींच्या चेहऱ्याची चालती बाजू हलली. ते हसणे होते की दुसरे काही, हे एका बाजूवरून ओळखणे अवघड होते.

"कशी... होती?"

आणि मग काकूंना रडू आले. "तुमच्या हातची होती," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर मी... मला वाटलं नुसता हात लावून बघावा."

मिस्त्रींनी डोळे उघडले. तळहात पायरीवरच होता. त्यांनी तो उचलला, बोटे अर्धी मिटली, आणि मिटलेला पंजा तुटलेल्या दांड्यावर आडवा ठेवला. काकूंना कळले नाही. त्यांनी पुन्हा तसेच केले, आणि वैतागून, अगदी पूर्वीसारखे वैतागून, म्हणाले, "पान. दुमड."

मोठे पान दुमडायचे. दोन कडा फुटल्या आहेत तर एक पानाची वरची कड आणि दुसरी मुडपून आलेली पाठ. दांडा त्या पानाखाली खोल न्यायचा, म्हणजे तुटलेला सांधा सावलीत जाईल. उरलेल्या पायरीचा निकाल पॉलिशपेपर लावील; ते काम काकूंचे होते आणि त्याची चिंता दोघांनाही नव्हती.

काकूंनी पटाशी आणली. मिस्त्रींचा उजवा हात निर्जीव होता आणि डाव्याला जोर नव्हता. म्हणून पटाशी काकूंच्या मुठीत, त्या मुठीवर मिस्त्रींचा डावा हात, आणि मोगरी नाहीच, नुसते रेटून. एक कपची निघाली. दुसरी निघाली. पटाशी दोनदा घसरली. मिस्त्री दमले की हात तिथेच ठेवून डोळे मिटून घेत, आणि काकू हलत नसत. दुपार कलली तेव्हा ते पान दुमडले गेले होते. मिस्त्रींच्या आयुष्यातले ते सर्वांत वाईट पान होते. कडा जाड होती, पाठीवर पटाशीचे चरे होते.

संध्याकाळी काकूंनी पेजेचा चमचा पुढे केला. मिस्त्रींनी तो घेतला. मग आणखी काही. फार नाही.

ते बरे झाले नाहीत. काकूंनी उजवे दार डाव्याच्या शेजारी भिंतीशी उभे केले. मिस्त्रींची नजर एका वेलीवरून चढे आणि दुसरीवरून उतरे, कडेबाहेर जाईनाशी झाली. खाणे थोडे वाढले, मग पुन्हा कमी झाले. थंडी सरण्यापूर्वी ते गेले, तेव्हा त्यांचे तोंड खोलीकडे होते. यंत्राने ते राहिले नाहीत आणि दारानेही राहिले नाहीत. पण गेले ते भिंतीत शिरून गेले नाहीत, एवढे काकूंच्या पदरात पडले. हे पुष्कळ की थोडे, याचा हिशोब त्यांनी कधी कोणापुढे मांडला नाही.

पुतण्या पुढे रजेवर आला तेव्हा त्याला भुंग्याच्या टेबलाला एका कोपऱ्यात काटकोनात ठोकलेल्या दोन लाकडी पट्ट्या दिसल्या. काकूंनी त्या स्वतः बसवल्या होत्या. फळी त्या कोपऱ्यात टेकवून आवळायची. मध्ये खिडकीशी न्यायची असेल तर न्यावी, परत तिथेच टेकवली की ती केसभरही सरकत नाही. पुतण्याने पट्ट्यांवर हात ठेवला आणि म्हणाला, काकू, हे मी आधीच लावून द्यायला हवं होतं गं. काकू म्हणाल्या, तुला काय ठाऊक, मी उचलणार होते ते. मग त्यांनी त्याला चहा दिला आणि विनोद म्हणून एक कप भुंग्याच्या टेबलावरही नेऊन ठेवला. दोघांनाही हसता आले नाही.

त्यानंतर काकू काही वर्षे त्या खोलीत काम करीत राहिल्या. भुंगा कोरी, त्या मध्ये थांबवून खिडकीशी नेत, हात फिरवून परत आणत. झाले की रिकाम्या बाकावर सवयीने दोनदा वाजवीत. मग त्याही गेल्या.

मुलीच्या कपाटाला आता दारे आहेत. मिटली की दोन वेली वर एकमेकींकडे झुकतात. उजव्या दारावर मधोमध एक दुमडलेले पान आहे, तसे डाव्या दारावर नाही. त्याच्या पाठीवर हात फिरवला तर पटाशीचे चरे बोटांना लागतात. त्या एका पानावर काकूंनी पॉलिशपेपर फिरवला नव्हता.

भुंगा पुतण्याकडे आहे. टेबलावरच्या दोन पट्ट्या त्याने काढलेल्या नाहीत.